बी नसलेल्या खाड्या : व्हर्जिनियातल्या समुद्रगवताचं एक प्रकरण

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्या मधून जमिनीची एक लांबट पट्टी दक्षिणेकडे उतरते. तिचा टोकाकडचा भाग व्हर्जिनिया राज्यात येतो. या पट्टीच्या महासागराकडच्या अंगाला वाळूच्या बेटांची रांग आहे, आणि बेटं व मुख्य भूमी यांच्या मध्ये उथळ खाड्या आहेत : साउथ बे, कॉब बे, स्पायडर क्रॅब बे, हॉग आयलंड बे. ओहोटीला बऱ्याच जागी कमरेएवढंच पाणी उरतं. १९३०च्या आधी या खाड्यांचा तळ ईलग्रास (झोस्टेरा मरिना) नावाच्या समुद्रगवतानं भरलेला होता. १९३३ नंतर ते तिथून नाहीसं झालं आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं तळ उघडाच राहिला. आज तिथे ३,६०० हेक्टरांहून जास्त गवत उभं आहे.

ही हकीकत जगभर यशोगाथा म्हणून सांगितली जाते, आणि यश मोठं आहे यात वाद नाही. मला मात्र त्यातला एक क्रम महत्त्वाचा वाटतो. गवत इतकी वर्षं परत का येत नाही, याचं उत्तर आधी शोधलं गेलं. पेरणी नंतर झाली. किनाऱ्यावरचे बहुतेक पुनरुज्जीवन प्रकल्प हा क्रम उलटा ठेवतात. आधी लावायचं, मग मेलं तर कारणं शोधायची.

समुद्रगवत हे शेवाळ नाही. त्याला मुळं असतात, गाळात आडवं सरकणारं खोड असतं, फुलं येतात, परागीभवन पाण्याखालीच होतं आणि बी धरतं. जमिनीवरच्या सपुष्प वनस्पतींपैकी काही कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात उतरल्या, त्यांचे हे वंशज. शेवाळाच्या मानानं त्यांना प्रकाश बराच जास्त लागतो, कारण ऑक्सिजन नसलेल्या चिखलातली मुळं आणि खोडंही पानांनाच पोसावी लागतात. पाणी गढूळ झालं की सगळ्यात आधी ही गवतं जातात ती यामुळेच.

मोकळ्या वाळूवर लाटेपासून आणि माशांपासून लपायला जागा नसते. गवतात ती असते. पानांवर सूक्ष्म शैवाल वाढतं, ते खरवडून खाणाऱ्या लहान गोगलगायी आणि कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव तिथे राहतात, त्यांना खाणारी माशांची पिल्लं येतात, मग पाइपफिश, समुद्रघोडे, निळ्या खेकड्यांची पोरं. 'बे स्कॅलॉप' नावाचा शिंपला तर लहानपणी गवताच्या पानालाच धाग्यांनी स्वतःला बांधून घेतो. तळापासून थोडं वर राहिलं की खेकड्यांच्या तोंडी जात नाही आणि गाळात गुदमरतही नाही. गवत गेलं तर या शिंपल्याचं पाळणाघरच गेलं.

ते गेलं १९३०च्या सुरुवातीला. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर ईलग्रासच्या पानांवर काळपट तपकिरी डाग पडू लागले आणि दोन-तीन वर्षांत सुमारे ९० टक्के गवत मेलं. 'वेस्टिंग डिसीज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगाशी लॅबिरिन्थुला झोस्टेरी नावाच्या सूक्ष्मजीवाचा संबंध पुढे जोडला गेला. व्हर्जिनियाच्या खाड्यांत जे थोडंफार उरलं असेल त्यावर ऑगस्ट १९३३च्या चक्रीवादळानं हात फिरवला. त्याच वादळानंतर हॉग बेटावरच्या ब्रॉडवॉटर गावातल्या लोकांनी बेट सोडलं. कित्येकांनी घरं उचलून पाण्यावरून मुख्य भूमीवर नेली. किनाऱ्याला धरून राहणाऱ्या माणसांना आणि गवताला एकाच दशकात बाहेर पडावं लागलं.

स्कॅलॉपची मासेमारी बंद पडली आणि दशकानुदशकं बंदच राहिली. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे ब्रांट हंस मुख्यतः ईलग्रासवर जगत. त्यांची संख्या कोसळली. जे तगले ते उल्वा या हिरव्या शेवाळाकडे वळले. सगळ्यात वाईट गत एका छोट्या लिंपेटची, म्हणजे टोपीसारखं कवच असलेल्या गोगलगायीची झाली. लॉटिया अल्व्हिअस हा जीव व्हर्जिनियाचा नव्हे, लॅब्राडोरपासून लाँग आयलंडपर्यंतच्या किनाऱ्याचा. तो फक्त ईलग्रासच्या पानावर राहायचा. रोगाचा सूक्ष्मजीव कमी खाऱ्या पाण्यात फारसा टिकत नाही, त्यामुळे नदीमुखांजवळचं गवत वाचलं. पण लिंपेटला पूर्ण खारं पाणीच लागे. गवत वाचलं तिथे त्याला जगता येत नव्हतं, आणि त्याला जगता येत होतं तिथे गवत उरलं नाही. आधुनिक काळात समुद्रातल्या अपृष्ठवंशी जीवाचा नामशेष झाल्याचा हा पहिला नोंदलेला दाखला मानतात. नोंद झाली १९९१ साली, म्हणजे जवळपास साठ वर्षांनी. तोवर तो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. रोगाची लाट ओसरली. चेसापीकच्या आतल्या बाजूला वाचलेल्या तुकड्यांपासून गवत हळूहळू पुन्हा पसरलं. मग याच पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, महासागराच्या स्वच्छ पाण्यात, ते का आलं नाही?

शक्यता अनेक होत्या. पाणी आता पुरेसं स्वच्छ नसेल. तळाचा गाळ बदलला असेल. रोग अजून दबा धरून असेल. शिवाय गवत स्वतःच स्वतःची सोय करत असतं : पानांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, प्रकाश वाढतो आणि गवत आणखी वाढतं. गवत नसेल तर हेच चक्र उलटं फिरतं. वाऱ्यानं तळ ढवळला जातो, पाणी गढूळ होतं आणि आलेलं एखादं रोपही प्रकाशावाचून मरतं. म्हणजे उघडा तळ उघडाच राहू पाहतो. हे खरं असतं तर खाड्यांची केस हातातून गेलेलीच होती.

१९९७ साली साउथ बेमध्ये ईलग्रासचे काही छोटे तुकडे आपोआप उगवलेले दिसले. क्षेत्राच्या हिशेबात ते नगण्य होते, पण निदानासाठी तेवढे पुरेसे होते. गवत तगतंय, म्हणजे पाणी, प्रकाश, गाळ यांपैकी काहीच आडवं येत नाही.

दुसरा धागा त्याआधीच हाती आला होता. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्समधले रॉबर्ट ऑर्थ आणि त्यांचे सहकारी ईलग्रासच्या बियांवर प्रयोग करत होते. बी तांदळाच्या कणीएवढं, पाण्यापेक्षा जड. उघड्या तळावर बी टाकलं तर लाटा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह ते दूर वाहून नेतील असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात बहुतेक रोपं टाकल्या जागेपासून ५ मीटरच्या आतच उगवली. गाळाच्या पृष्ठभागावरचे बारीक खड्डे, किड्यांची बिळं, उंचवटे यांत बी अडकून बसतं. बी लागलेल्या फांद्या तुटून तरंगत काही किलोमीटर जाऊ शकतात, पण त्यासाठी मुळात कुठेतरी जवळ कुरण असावं लागतं, आणि या खाड्यांच्या आसपास ते शिल्लकच नव्हतं.

दोन्ही धागे एकत्र धरले की निदान साधं निघतं. जमीन तयार होती, वाफसा होता, फक्त पेरणारं कुणी नव्हतं. पासष्ट वर्षांची ओसाडी बियाण्याच्या अभावामुळे होती. वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात असा निर्वाळा देता येणारी जागा जगात फार थोडी असेल. बहुतेक किनाऱ्यांवर गवत ज्या कारणानं गेलं ते कारण अजून तिथेच बसलेलं असतं.

सुरुवातीला वाढलेली रोपं उपटून आणून लावली गेली. ती जगली, त्यामुळे जागेची खात्री पटली. पण पाण्यात वाकून एकेक रोप लावण्यात माणसं थकतात आणि क्षेत्र वाढत नाही. मग बियांकडे वळण्यात आलं. पद्धत ऐकली तर कोकणातला कुठलाही शेतकरी ती ओळखेल : बी फोकायचं.

मे-जूनमध्ये ईलग्रासला बी धरतं. त्या वेळी संशोधक आणि स्वयंसेवक उथळ पाण्यात उतरतात, तोंडाला श्वासनळी लावून पाण्यात डोकं घालतात आणि बी लागलेल्या फांद्या तेवढ्या हातानं तोडून जाळीच्या पिशव्यांत भरतात. या फांद्या किनाऱ्यावरच्या मोठ्या टाक्यांत, सतत वाहत्या समुद्राच्या पाण्यात ठेवतात. काही आठवड्यांत बी पिकून गळतं, पाला कुजतो, मग चाळून बी वेगळं करायचं. उन्हाळाभर ते पाण्यातच सांभाळायचं. वाळलं तर संपलं. शरद ऋतूत, पाणी थंड व्हायला लागलं की, मोजून घेतलेलं बी होडीतून ठरलेल्या चौकोनात हातानं फेकायचं. नोव्हेंबरच्या सुमाराला ते रुजतं. शंभर बियांतून पाच-दहा रोपं मिळाली तरी ते चांगलं पीक. पुढे आडव्या खोडानं प्रत्येक रोप आपलं वर्तुळ वाढवतं, दोन-तीन वर्षांत वर्तुळं एकमेकांना भिडतात आणि स्वतःचं बी टाकू लागतात.

उन्हाळ्यात काढून शरदापर्यंत बी सांभाळण्याचा खटाटोप का, असं वाटू शकतं. निसर्गात ते गळून तळावर पडूनच राहतं. पण तळावर पडलेलं बी खेकडे आणि मासे खातात, गाळ बसून ते जास्त खोल गाडलंही जातं. टाकीत ठेवलं तर हा धोका टळतो. बियाण्याचा आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही. उपटून आणलेली रोपं पुष्कळदा एकाच खोडाची लेकरं असतात, म्हणजे जनुकदृष्ट्या सगळी सारखी. बी मात्र प्रत्येक वेगळं. सुरुवातीचं बियाणं चेसापीकमधल्या गवतापासून आलं होतं, आणि नव्या कुरणांची जनुकीय विविधता तपासली तेव्हा ती नैसर्गिक कुरणांच्या तोडीची निघाली. नवी कुरणं बहरल्यावर बी साउथ बेमधूनच मिळू लागलं.

१९९९ पासून वीस वर्षांत ७ कोटींहून जास्त बी टाकलं गेलं. ५३६ चौकोन, मिळून सुमारे २१३ हेक्टर. ३,६००चा जो आकडा वर दिला तो यातून झाला. म्हणजे पेरणी झाली त्याच्या जवळपास सतरापट क्षेत्रावर गवत उभं राहिलं. बांधकामासारखा हिशेब मांडणाऱ्या प्रकल्पांत असं कधी होत नाही. तिथे जेवढं लावलं त्यातलं किती मेलं याचीच मोजदाद असते. ऑक्टोबर २०२०मध्ये ऑर्थ, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कॅरन मॅकग्लॅथरी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात हे सगळे आकडे मांडले.

गवतामागोमाग बाकीचे आले. पाण्याचा गढूळपणा कमी झाला. पानांवरच्या बारीक जीवांची आणि माशांची संख्या वाढली. ही कुरणं वर्षाला सरासरी सुमारे ३,००० टन कार्बन साठवतात असा अंदाज निघाला. या शेवटच्या आकड्याचा बातम्यांत फार गाजावाजा होतो. माझं मत असं की कार्बन हा इथला गौण हिशेब आहे. एखाद्या शहराच्या धुरापुढे ३,००० टन काहीच नाहीत. या खाड्यांचं मोल खेकड्यांच्या आणि माशांच्या पिल्लांत जास्त आहे, फक्त ते टनांत सांगता येत नाही म्हणून मथळ्यात येत नाही. स्कॅलॉप मात्र आपोआप परतले नाहीत. गवताला जशी बियाण्याची अडचण होती तशीच त्यांचीही. जवळपास पिढी वाढवायला कुणी उरलं नव्हतं. ते हॅचरीत, म्हणजे पिल्लं वाढवायच्या केंद्रात, वाढवून सोडावे लागले आणि आता नव्या कुरणांत स्वतः वाढू लागले आहेत.

जून २०१५मध्ये समुद्री उष्णतेची लाट आली. साउथ बेच्या मधल्या भागात गवताच्या फुटव्यांची घनता ९० टक्क्यांनी घसरली. ईलग्रास हे थंड पाण्याचं गवत. २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा श्वसनाचा खर्च प्रकाशसंश्लेषणाच्या कमाईपेक्षा वाढतो आणि ते उपाशी मरतं. जिथे गवत मेलं तिथे गाळातला साठलेला कार्बनही सुमारे पाचव्या हिश्शानं कमी झाला, म्हणजे वर्षानुवर्षांची जमा एका उन्हाळ्यात सांडली. महासागराच्या मुखांजवळच्या कडा मात्र थंड पाण्यामुळे बऱ्याच अंशी तगल्या. पुढच्या तीन-चार वर्षांत मधला भाग पुन्हा भरून आला. इथे कुरणाचा आकार कामी आला. १९३३ मध्ये परत यायला जवळपास काहीच उरलं नव्हतं, २०१५ मध्ये शेजारीच बियांचा साठा उभा होता.

हीच माणसं, हीच पद्धत, याच राज्यात थोड्या पश्चिमेला, चेसापीकच्या आत का यशस्वी झाली नाही, हा या प्रकरणाचा सगळ्यात बोलका भाग आहे. तिथेही बी टाकलं गेलं. अनेक ठिकाणी ते उगवलं, रोपं तरारली आणि उन्हाळ्यात मेली. चेसापीकमध्ये सहा राज्यांचं पाणी उतरतं. शेतातलं खत, सांडपाणी, गाळ सगळं येतं. पाण्यात नत्र वाढलं की शैवाल माजतं, प्रकाश कमी होतो. प्रकाश कमी असला की तेच गवत कमी तापमानालाही बळी पडतं. १९७२च्या ॲग्नेस वादळानं आणि २००५च्या कडक उन्हाळ्यानं तिथल्या ईलग्रासचं मोठं नुकसान केलं. बाहेरच्या खाड्यांना मोठी नदी नाही, पाणलोट क्षेत्र लहान आहे आणि दर भरतीला महासागराचं पाणी आत-बाहेर होतं. शिवाय तिथली बहुतेक बेटं बांधकामापासून वाचलेली आहेत : काही बेटांवर पुलासह वसाहत उभारायचा बेत होता, पण १९७०च्या आसपास 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या संस्थेनं बेटं विकत घ्यायला सुरुवात केली. त्या वेळी कुणाच्याही डोक्यात समुद्रगवत नव्हतं. पण तीस वर्षांनी पेरलेलं बी तगलं त्याचं अर्धं श्रेय या जुन्या खरेदीखतांना द्यावं लागेल.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. याच उथळ तळावर शिंपल्यांची शेती चालते, आणि त्या शेतकऱ्यांनाही भाडेपट्ट्यानं तळ हवा असतो. गवत पसरलं की जागेचा प्रश्न येतो. राज्याच्या सागरी संसाधन आयोगानं काही तळ गवतासाठी राखून ठेवला म्हणून काम पुढे सरकलं. पोट भरण्यासाठी शिंपले वाढवणारा माणूस आणि खाडीत गवत पाहू इच्छिणारा संशोधक यांच्यात कोणाची बाजू कायम बरोबर, असं मला तरी म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हे प्रकरण वाचताना पहिला मोह होतो तो बी फोकण्याचा. भारतातली मोठी समुद्रगवताची कुरणं पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान आणि कच्छचं आखात इथे आहेत. पाल्कमध्ये तमिळनाडूनं २०२२ साली ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. डुगाँग हा समुद्री सस्तन प्राणी या गवतावरच जगतो. तिथे बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोरीनं गवताचे तुकडे बांधून लागवडीचे प्रयोग झाले आहेत, आणि त्या पाण्याला, त्या जातींना ते जुळतं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ अडचण वेगळीच निघाली. हिरव्या समुद्रकासवांची संख्या इतकी वाढली की त्यांनी कुरणं खाऊन बोडकी केली, आणि गवतातले मासे घटल्यानं मच्छीमार कासवांवर चिडले. तिथे कोटभर बी टाकलं असतं तरी ते कासवांच्या पोटात गेलं असतं.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या खाड्यांत हॅलोफिला बेकारी नावाचं इवलंसं समुद्रगवत आढळतं. पानं जेमतेम सेंटीमीटरभर, कांदळवनाच्या समोरच्या चिखलपट्टीवर ते पसरतं आणि ओहोटीला उघडं पडतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो हिरवट चिखल वाटतो. जागतिक लाल यादीत त्याची नोंद असुरक्षित म्हणून आहे. 'मोकळी' दिसते म्हणून अशी पट्टी कांदळवन लागवडीला निवडली, तर एक अधिवास वाढवायला निघून दुसरा बुजवल्यासारखं होईल. लागवडीआधी एका ओहोटीला गुडघे टेकून चिखल नीट पाहिला तर हे टळतं, आणि त्याला पैसाही लागत नाही.

व्हर्जिनियातल्या संशोधकांपुढचा आजचा प्रश्न मात्र पुन्हा बियाण्याचाच आहे, फक्त उलट्या बाजूनं. पाणी तापत चाललंय. अटलांटिकच्या त्या किनाऱ्यावर ईलग्रासची दक्षिण सीमा नॉर्थ कॅरोलिनात येते, आणि तिथलं गवत जास्त उष्णता सोसतं. तिथलं बी आणून या खाड्यांत पेरून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत. उष्णता सोसणारी जनुकं आली तर कुरणाला थोडी वर्षं जास्त मिळतील. पण बाहेरच्या बियाण्यासोबत रोग येऊ शकतो, आणि इथल्या थंड हिवाळ्याशी जुळलेलं स्थानिक वाण त्यात विरघळूनही जाऊ शकतं. म्हणून हे बी अजून मोजक्या चौकोनांतच टाकलं जातं, आणि बाकीच्या पेरणीसाठी फांद्या तोडायला माणसं साउथ बेमध्येच उतरतात.